शाहू महाराजांनी तलाठी आणले कुठून?

पिरनवाडी : सकाळी आठच्या सुमाराला पिरनवाडी नाक्यावर उभं राहिलं की खानापूर रोडने बेळगावकडे जाणाऱ्या बसची वाट बघणारी पोरं-पोरी दिसतात. काही उद्यमबागला कामाला निघालेली, काही कॉलेजला, काही क्लासला. क्लासवाल्यांच्या बॅगेत पोलीस भरती, पीडीओ, एफडीए-एसडीएची जाडजूड पुस्तकं असतात. २०२४ साली राज्यात ग्राम आडळित अधिकाऱ्यांच्या १,००० जागा निघाल्या, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी घरांत त्याचीच चर्चा होती. ग्राम आडळित अधिकारी म्हणजे कालपरवापर्यंतचा व्हिलेज अकाउंटंट, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या भाषेत तलाठी. या भरतीत कन्नडचा सक्तीचा पेपर होता, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या पोरांच्या घरी चर्चेत काळजीही होती.

ही तलाठ्याची जागा आपल्याला इतकी ओळखीची आहे, की ती कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा भरली असेल, हे डोक्यात येत नाही. शेजारच्या करवीर संस्थानात ती एका झटक्यात भरावी लागली होती. भरणारे होते छत्रपती शाहू महाराज. दर २६ जूनला आपल्या मोबाइलवर त्यांचा फोटो येतो, खाली पन्नास टक्क्यांचा हुकूम असतो, दोन ओळी अभिवादनाच्या असतात. हुकूम काढणं ही मोठीच गोष्ट होती. पण राखीव केलेल्या जागेवर बसायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न हुकमाने सुटत नव्हता. महाराजांची जवळजवळ तीस वर्षं त्या प्रश्नात गेली, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. आपल्या बाजूने कोगनोळी नाका ओलांडला की कागल येतं, म्हणजे निपाणीकरांचा हा अगदी शेजार. आई राधाबाई मुधोळच्या राजघराण्यातली, आणि मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात. महाराजांचं आजोळ कर्नाटकात होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. चौथे शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगरला इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना गेले, आणि त्यांच्या राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. यशवंतरावाचे शाहू झाले. मूल लहान, म्हणून कारभार मंडळाच्या हातात.

शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झालं. त्यानंतर १८९० पासून मुक्काम धारवाडला. स्टुअर्ट फ्रेजर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे गुरू, आणि सोबत रघुनाथ व्यंकाजी सबनीस शिकवायला, जे पुढे महाराजांचे दिवाण झाले. इतिहास आणि कायद्याबरोबर राज्यकारभार कसा चालतो हेही तिथे शिकवलं गेलं, आणि देशभर फिरवून दाखवलंही. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवून तयार करण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाचं स्वतःचं शिकणं असं चार वर्षं धारवाडात झालं. आपल्याकडून धारवाडला जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत असेल कोण जाणे.

२ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी महाराजांनी कारभार हातात घेतला. संस्थानाची वस्ती सुमारे ९ लाख. कारभारात बघितलं तर सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० वर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर माणसं होती १०. खालच्या गावपातळीवर तर हिशेब आणखी सोपा होता. तिथे कुलकर्णी होता, आणि कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी व्हायचा.

इथे जरा थांबून गावचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं. कारण आजच्या पोरांना परीक्षा, मेरिट लिस्ट, काउन्सेलिंग, पोस्टिंग एवढंच माहीत. तेव्हा पाटील आणि कुलकर्णी ही दोन्ही वतनं होती. पाटलाकडे गावाचा मान आणि वसुली, कुलकर्ण्याकडे लिहिणं. कुणाच्या नावावर किती जमीन, कुणी किती सारा भरला, कुणाची बाकी किती, हे सगळं मोडीत लिहिलेल्या दप्तरात, आणि दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात. पाटलाला वाचता येईलच असं नाही. रयतेला तर नाहीच. कुलकर्णी प्रामाणिक असला तर गावाचं नशीब चांगलं, नसला तर दाद मागायची तरी कशाच्या जोरावर? कागद त्याचाच. त्याला बदली नव्हती, परीक्षा नव्हती, निवृत्तीही नव्हती. आणि सरकारचंही सगळं त्याच्यावरच अडलेलं, कारण त्याच्याशिवाय गावात लिहिणारा दुसरा माणूसच नव्हता.

महाराजांनी सुरुवातीलाच काही माणसं शोधून आणली. भास्करराव जाधव हे त्यातलं मोठं नाव. मराठा समाजातले एम.ए., एल्‌एल.बी. झालेले हुशार गृहस्थ. १८९५ साली त्यांना असिस्टंट सरसुभे म्हणून नेमलं. दाजीराव विचारे इंजिनिअर म्हणून आले, पुढे राधानगरी धरणाच्या कामात त्यांचं नाव येतं. जैन समाजातले अण्णासाहेब लठ्ठे राजाराम कॉलेजात शिकवायला आले आणि नंतर शिक्षण खात्यात अधिकारी झाले. या लठ्ठ्यांचा बेळगावशी जवळचा संबंध आहे, त्यांच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

पण असे शिकलेले भास्करराव किती मिळणार? संस्थानभर शोधले तरी दहा नाहीत, अशी गत. बाहेरून माणसं आणून मोठ्या खुर्च्या भरता येतात, पाचशे कारकून आणि शेकडो तलाठी बाहेरून आणता येत नाहीत. ते घरातच तयार करावे लागतात. महाराजांना ही गोष्ट फार लवकर कळली, असं त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं.

१८९६ च्या सुमाराला राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं असं वसतिगृह निघालं. कागदावर सगळ्यांना दार उघडं. प्रत्यक्षात तिथे राहिली ती बहुतेक ब्राह्मण मुलंच, कारण कॉलेजपर्यंत पोचणारी तीच होती. महाराजांनी या अपयशातून धडा घेतला आणि पद्धत बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली वीरशैव लिंगायत वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मग दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभू, चांभार-ढोर अशी एकेक करत वसतिगृहं निघत गेली. प्रत्येकाला दरबाराकडून जागा, इमारत, उत्पन्न. समाजातल्या पुढाऱ्यांनी कमिटी करायची, वर्गणी गोळा करायची, मुलं आणायची.

जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढून जात घट्ट केली, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही घेतला जातो. तो अगदीच खोटा आहे असं मला वाटत नाही. पण खेड्यातल्या बापाच्या जागी उभं राहून बघा. तेरा-चौदा वर्षांचं पोर कोल्हापूरसारख्या शहरात एकटं पाठवायचं, जेवायचं कुठे, झोपायचं कुठे, वाकडं लागलं तर लक्ष कोण देणार? आपल्या समाजाचं बोर्डिंग आहे, ओळखीचे रेक्टर आहेत, म्हटल्यावर बाप तयार व्हायचा. सगळ्यांसाठीच्या वसतिगृहाला जे जमलं नव्हतं ते या बोर्डिंगांनी करून दाखवलं, पोरं घरातून बाहेर काढली. मराठा बोर्डिंगात राहून शिकलेले पां. चि. पाटील पुढे पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगा पोरगा राहात होता, तो पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला.

याच काळात वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहिताकडचा भटजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आणि तोही न आंघोळ करता, यावरून सुरू झालेला हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. तो सगळा इथे सांगत बसत नाही, त्याच्यावर पुस्तकं आहेत. एवढंच, की त्यामुळे जे काम महाराज हळूहळू करत होते त्याला धार आली आणि घाईही.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला. इथून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ज्या ऑफिसात सध्या हे प्रमाण पन्नासपेक्षा कमी आहे, तिथे पुढची नेमणूक याच वर्गातून करायची.

एवढं सगळ्यांना पाठ आहे. त्याच हुकमातली शेवटची गोष्ट मात्र कुणी फोटोखाली लिहीत नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी किती नेमणुका झाल्या याचा तक्ता पाठवायचा होता. ज्याने सरकारी ऑफिसात काम केलंय त्याला या तिमाही तक्त्याची किंमत विचारा. हुकूम फाइलला लागून पडू शकतो, तक्ता भरून पाठवावाच लागतो. आणि तक्ता बघणारा राजा असेल तर भरणाऱ्याच्या हाताला घाम फुटतो.

हा हुकूम, गंमत म्हणजे, आज बेळगाव जिल्ह्यात असलेल्या रायबागला लागू होता, कारण रायबाग तेव्हा करवीर संस्थानात होतं. निपाणीला आणि आपल्या पिरनवाडीला लागू नव्हता, हा सगळा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. सीमाभागात राहणाऱ्याला असल्या गोष्टींचं नवल वाटत नाही. कुठल्या बाजूला जन्मलो यावर नोकरीचं दार कुठल्या किल्लीने उघडतं ते ठरतं. आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. दरबारचा कारभार मराठीत होता, आणि रायबागकडे घरात कन्नड बोलणारी माणसं पुष्कळ. तिथल्या पोराला तेव्हा मराठी लिहिता आल्याशिवाय सरकारी कारकुनी मिळाली नसणार. आज आपल्या घरात जी काळजी आहे ती तेव्हा त्यांच्या घरात असेल.

हुकमावर टीका झाली, जोरात झाली. केसरीने विरोध केला. लायकी नसलेल्यांच्या हाती कारभार गेला तर राज्य बुडेल, असा सूर. सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी घोड्यांच्या पागेत नेऊन चणे टाकून दाखवले, धट्टे घोडे सगळे चणे खाऊन गेले आणि दुबळी शिंगरं बाजूला उभी राहिली, ही गोष्ट तर आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. गोष्ट म्हणून ती फार छान आहे. पण ती चण्यांच्या वाटपाशी संपते. शिंगराला चारा घालून भागत नाही, त्याला लगाम, खोगीर, रस्ता हे सगळं शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याला लाथा खाव्या लागतात. महाराज स्वतः घोड्यांतले जाणकार होते, त्यांना हे सांगायला नको होतं.

दहा वर्षांनी, १९१२ साली, अधिकारपदं ७१ वरून ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते. म्हणजे जुन्यांना एकदम काढून टाकलं नव्हतं. काम वाढत गेलं, धरण आलं, गिरणी आली, शाळा आल्या, नवीन जागा निघाल्या, आणि जागा रिकामी झाली की बोर्डिंगात तयार झालेला माणूस पुढे आला. बायकांचंही उदाहरण आहे. कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या, महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडमध्ये डब्लिनला पाठवलं आणि परतल्यावर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम दिलं. त्या काळात संस्थानच्या पैशाने बाई परदेशी जाऊन शिकते, ही साधी गोष्ट नव्हती. पण अशी उदाहरणं बोटावर मोजण्याएवढीच, हेही खरं.

आता गावाकडे. पाटील लिहितावाचता झाल्याशिवाय कुलकर्ण्यावरचं त्याचं अवलंबून राहणं सुटणार नाही, म्हणून महाराजांनी पाटलांसाठी शाळाच काढली. नाव दिल्ली दरबार मेमोरियल पाटील स्कूल. १९११ च्या दिल्ली दरबाराची आठवण म्हणून. मिशा पिळणारे पाटील बाकावर बसून हिशेब आणि कायदा गिरवताहेत, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. हसू येतं, पण यामागचा विचार पक्का होता. जो माणूस आधीच खुर्चीवर बसलाय त्यालाही शिकवावं लागतं, फक्त नवीन येणाऱ्याला शिकवून चालत नाही. त्याच्या जोडीला तलाठ्यांचा वर्ग सुरू झाला. दप्तर कसं ठेवायचं, जमिनीचे आणि वसुलीचे कागद कसे लिहायचे, हे तिथे शिकवायचे. वर्ग पुरा केलेले तरुण हाताशी असल्यावर १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द केलं आणि पगारी तलाठी नेमले.

कुलकर्ण्यांनी गप्प बसून हे घेतलं नाही. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रं पेटली. त्यांच्या बाजूने बघितलं तर पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी गेली होती, आणि त्यातले सगळेच काही रयतेला नाडणारे नव्हते. चांगल्या अक्षरात चोख दप्तर ठेवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कुलकर्ण्याला हातातली लेखणी काढून घेतल्यासारखं वाटलं असेल. पण सरकारी कामाचा मालक कुणी जन्माने असू नये, यावर महाराज मागे हटले नाहीत. याच वर्षी महार वतनाचाही हुकूम निघाला. गावकी आणि सरकारी कामासाठी अख्ख्या समाजाला राबवून घ्यायचं आणि बदल्यात तुकडाभर वतनी जमीन दाखवायची, ही पद्धत मोडली. जमिनी रयताव्याने नावावर करून दिल्या. या हुकमातही तेच बघायला मिळतं. कुलकर्णी जन्माने वरचा नोकर होता, महार जन्माने बिनपगारी नोकर होता. दोन्ही टोकं एकाच वर्षी सोडवली गेली.

तलाठी म्हणून अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांनाही नेमलं. दत्तोबा पवार यांच्यासारख्यांना वकिलीची सनद दिली. गुन्हेगार जमात म्हणून ज्यांची रोज हजेरी घ्यायचे, त्या फासेपारध्यांची हजेरी बंद केली आणि त्यांना पहाऱ्याच्या कामावर ठेवलं.

आता नेमणूक झाली, माणूस ऑफिसात आला. पुढे काय? १९१७ साली बडोद्याला काय झालं ते आपल्याला माहीत आहे. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि ऑफिसातले शिपाई फायली लांबून टाकायचे, शहरात राहायला खोली मिळेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांना परतावं लागलं. राजा चांगला, शिष्यवृत्ती चांगली, पद चांगलं, आणि तरी ऑफिसाने माणूस टिकू दिला नाही. कोल्हापुरात १९१९ च्या सुरुवातीला महाराजांनी याच दुखण्यावर हुकूम काढला. खात्यात नेमलेल्या अस्पृश्य समाजातल्या नोकरांना सगळ्या अधिकाऱ्यांनी प्रेमाने आणि बरोबरीने वागवलं पाहिजे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. आजच्या मोठ्या कंपन्या पाहुणे बोलावून लाखो रुपयांची ट्रेनिंगं घेतात या विषयावर, महाराजांनी चार ओळींत काम केलं. पेन्शन हा शब्द मात्र बरोबर जागी वापरला.

नोकर कुठून येतील या प्रश्नाचं मूळ शाळेत आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम केला. १९२० साली पूजाविधी शिकवण्यासाठी श्री शिवाजी वैदिक स्कूल काढलं, म्हणजे पुरोहितसुद्धा आपले आपण तयार करायचे.

हे सगळं ऐकून महाराजांच्या हाताखालचं राज्य सुखाचं होतं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. इथे लठ्ठ्यांची गोष्ट सांगायला हवी. जैन बोर्डिंगाशी लठ्ठ्यांचा जवळचा संबंध. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय लठ्ठ्यांवर आणला गेला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांना पोलिसांनी धरलं, तुरुंगात टाकलं, मारझोड केली. बोर्डिंगात असताना याच भाऊरावांना शिस्त मोडली म्हणून लठ्ठ्यांनी बाहेर काढलं होतं. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला ते तयार झाले नव्हते, एवढाच गुन्हा. सूड घ्यायची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही, जीव द्यायची वेळ आली तरी दिली नाही. लठ्ठ्यांनी कोल्हापूर सोडलं आणि पुढे बेळगावात वकिली केली.

महाराजांनी वेचून आणलेला एक अधिकारी, महाराजांच्याच बोर्डिंगातला एक पोरगा, आणि महाराजांचेच पोलीस. मला या प्रकरणात महाराजांची बाजू घेता येत नाही. राजाभोवती कान फुंकणारे होते, एवढं म्हणून त्यातून सुटका होत नाही. तयार केलेल्या माणसाला ताठ कणाही असतो, आणि तो कधी कधी आपल्याच विरुद्ध उभा राहतो, हे राजांना सोसायला जड जातं.

शेवटच्या तीन-चार वर्षांत महाराज संस्थानाबाहेरही खूप फिरले. १९१९ च्या एप्रिलात कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या सभेत त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, आणि महाराज तिथे जाऊन आता तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं लोकांना सांगून आले. त्याच वर्षी हुबळीच्या ब्राह्मणेतर परिषदेचे ते अध्यक्ष होते. म्हैसूर संस्थानातही तेव्हा हाच विषय तापला होता. नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी १९१८ साली मिलर कमिटी नेमली, सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना वाटा कसा द्यायचा ते ठरवायला. दिवाण विश्वेश्वरय्यांना गुणवत्तेवरून हे पटलं नाही आणि ते पद सोडून गेले. कमिटीच्या शिफारशी पुढे १९२१ साली अमलात येऊ लागल्या. म्हणजे आज आपण ज्या राज्यात फॉर्म भरतो, तिथल्या आरक्षणाची वंशावळही त्याच दिवसांतली आहे.

महाराजांना मधुमेहाने आणि हृदयाच्या दुखण्याने पोखरलं होतं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीत त्यांचं निधन झालं. वय अठ्ठेचाळीससुद्धा पुरं नव्हतं. राधानगरीचं धरण तेव्हा अर्धवट होतं, ते पुरं व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली.

लठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ज्या राज्यातून त्यांना जावं लागलं होतं, त्या राजाचं पहिलं मोठं चरित्र इंग्रजीत त्यांनीच लिहिलं, १९२४ साली. १९२५ साली राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूरचे दिवाण म्हणून परत बोलावलं. १९३७ साली मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आलं तेव्हा ते अर्थमंत्री झाले. १९५० साली ते गेले. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या कायदेमंडळात परगणे आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा झाला आणि १९५१ पासून लागू झाला. पिरनवाडी तेव्हा मुंबई राज्यात होती. कोल्हापुरात १९१८ साली गेलेलं कुलकर्णी वतन आपल्या गावातून कायद्याने जायला तेहतीस वर्षं जास्त लागली, आणि राहिलेली पाटीलकी आणि बाकीची वतनं जायला १९६१ चा म्हैसूर राज्याचा कायदा यावा लागला.